अम्माचं पान

दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी घरातल्या मेलेल्यांना पान वाढायचं, हे मलेशियातल्या पेनांगच्या आम्हा तमिळांच्या घरांत कुणाला शिकवावं लागत नाही. गेलेल्याला जे आवडायचं ते रांधायचं, केळीच्या पानावर वाढायचं, शेजारी नवं कापड ठेवायचं, दिवा लावायचा आणि दार लोटून सगळ्यांनी बाहेर थांबायचं. ते येऊन जेवून जातात, मग आपण. गेली सतरा वर्षं अम्माचं पान पाक्कियम वाढत होती. यंदा तिने ते वाढू नये असं ठरलं. ठरवलं कुणी, तर तिच्याच पदरात लहानाचा मोठा झालेल्या भाच्याने.

"अत्तै, यंदा तू दमू नकोस," गुणाळन फोनवर आत्याला म्हणाला. "दिवाळीच्या दिवशी दुपारी ये. माझ्या ऑफिसातले येतायत, मलाय, चिनी, सगळे. मजा येईल."

"येईन की. पण आदल्या दिवशी पान किती वाजता? मटण सकाळीच आणलेलं बरं."

"ते यंदा घरातल्या घरात करतोय."

"मग मी काय रस्त्यावरची आहे?"

हे ती हसत म्हणाली होती. तिकडून हसू आलं नाही.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गुणाळनच्या बायकोला, कस्तूरीला, दोनदा दिवस राहून गेले होते. आता तिसऱ्यांदा पाचवा महिना चालू होता. तिच्या आईने कुठल्याशा जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, या घरात परक्या रक्ताच्या हातचं पान पडतं, ते पितरांना पोचत नाही. पितर उपाशी, म्हणून मूल टिकत नाही.

आता रक्त परकं होतं, हे काही खोटं नाही. एका चिनी शिंप्याची ती सातवी मुलगी. आठ दिवसांची असताना तिला टॉवेलात गुंडाळून, सोबत दुधाचा एक डबा देऊन, शिंपिणीने रस्ता झाडणाऱ्या अंजलैच्या, म्हणजे अम्माच्या हातात दिलं. अंजलैची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. ही घरात आली आणि दोन वर्षांत वेलू जन्मला, धडधाकट. पोरीचा पायगुण, असं सगळी आळी म्हणाली. म्हणून तर नाव पाक्कियम, भाग्य. तोच पाय आता म्हणे मुलं खातो. माणसाच्या जिभेला हाड नसतं, आणि जाणत्यांच्या तर मुळीच नसतं.

पाक्कियम मोठी झाली ती चिनी तोंडाची आणि तमिळ जिभेची. तमिळ स्थळं तोंड बघून परत जायची आणि चिन्यांना कपाळावरचं कुंकू चालायचं नाही. राहिलं लग्न. बाजारात ओला मसाला वाटून विकायचा गाळा तिने तीस वर्षं चालवला. चिनी बायका त्यांच्या हॉकियन बोलीत भाव विचारायच्या, तेवढी धंद्यापुरती हॉकियन तिला आली. वेलूचा गुणाळन चार वर्षांचा असताना त्याची आई गेली, तेव्हापासून तो त्या गाळ्यावर मिरच्यांच्या पोत्याला टेकून वाढला. शेवटची अकरा वर्षं अम्मा अंथरुणाला होती, तिचं सगळं हिनेच केलं. अम्मा म्हणायची, "माझं पान तू वाढ. तुझं वेलूची पोरं वाढतील." वेलूही तीन वर्षांमागे गेला. गुणाळनचं लग्न झालं तशी पाक्कियम आपण होऊन एका खोलीच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली. नव्या नवरानवरीत म्हातारीची अडगळ कशाला, असं तिचंच म्हणणं.

तिने स्वयंपाक केलाच. मटण, खाऱ्या मासळीचा झणझणीत रस्सा, आणि अम्मा सणासुदीला घोटभर घ्यायची ती काळी बिअर. दिवे लागायच्या वेळी डबा घेऊन ती फाटकाशी उभी राहिली.

कस्तूरी पोट सांभाळत बाहेर आली. फाटक तिने उघडलं नाही.

"अत्तै, तुम्हाला फोन केला होता ना यांनी?"

"केला होता गं. मी आत येत नाही. पान गुणाळनच वाढू दे. फक्त हे त्यावर ठेवा. अम्माला मासळीशिवाय घास उतरत नाही."

"यंदा सगळं शाकाहारीच करायला सांगितलंय."

"सतरा वर्षं ती हेच जेवली, पोरी."

कस्तूरीचे डोळे भरून आले. ती दुष्ट नव्हती, दुष्ट असती तर पाक्कियमने दोन शब्द सुनावून मन मोकळं केलं असतं. "दोन वेळा गेलं अत्तै," ती म्हणाली. "मला आता काही सोसत नाही. तुमच्या पाया पडते, आज नको."

उघड्या दारातून तीन पानं दिसत होती. अम्माच्या पानावर भात, सांबार आणि कोबीची भाजी. अम्माने जन्मात कोबी तोंडात घेतला नव्हता.

खोलीवर परतल्यावर तिला वाटलं, आपणच इथे वाढावं. केळीचं पानही होतं. पण गेलेल्याला एका संध्याकाळी दोन दारी बोलावू नये म्हणतात. अम्मा इकडे आली, तिकडचं पान तसंच राहिलं, आणि उद्या कस्तूरीला काही झालं तर? जन्मभर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. तिने डबा शेजारच्या आ हुआतला देऊन टाकला. खूप रडली, आणि रडून झाल्यावर तिला राग आला, तो अम्माचाच. मरताना एवढी वचनं दिली कशाला बाईने?

दिवाळीच्या पहाटे तिने स्वतःच्या हाताने स्वतःच्या डोक्याला तेल लावलं. त्या घरात सगळ्यांच्या डोक्यावर तेल घालायचा हात दरवर्षी तिचा असायचा. दुपारी नवी साडी नेसून निघाली. आपण नाही गेलो तर अत्तै रुसली म्हणतील, आणि आपल्याशिवाय चालतं याची सवय त्यांना लागेल, हे भय तिच्या पोटात होतं.

घर माणसांनी फुललं होतं. गुणाळन लांबून "अत्तै, बस बस" म्हणाला आणि पाहुण्यांत शिरला. कस्तूरीची कुणी मामी दारात स्वागताला होती. तिने पाक्कियमचं तोंड बघितलं, साडी बघितली, कौतुकाने मलायमध्ये म्हणाली, "अय्या, साडी किती छान नेसलात! या, या," आणि चिनी पाहुण्यांच्या टेबलावर नेऊन बसवलं. पुढ्यात बिनतिखटाच्या नूडल्स आल्या आणि एक काटा. पाक्कियमने काटा बाजूला ठेवला, मग सगळे बघतात असं वाटून पुन्हा उचलला.

शेजारची बाई, गुणाळनच्या ऑफिसातली, गप्पिष्ट होती. तिने हॉकियनमध्ये विचारलं, "तुमची यांची ओळख कशी हो?"

गुणाळन तेव्हा पाण्याचे ग्लास घेऊन त्यांच्यामागेच आला होता. पाक्कियमला तो दिसला. भिंतीवर वेलूच्या फोटोशेजारी अम्माचा फोटो होता, मोगऱ्याचा हार घातलेला.

"शेजारीण होते मी यांची," ती मोडक्या हॉकियनमध्ये म्हणाली. "पुष्कळ वर्षं झाली."

गुणाळनला हॉकियन चांगली कळत होती. त्याने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला आणि तो पुढच्या टेबलाकडे गेला.