पाठ करून बसणारे काका

आमच्या आंब्याच्या कलमांच्या बागेतला कुत्रा फटाक्याला भ्यायचा. मोहोर आला की वानरं येतात, वानरं आली की आम्ही डबे बडवतो, फटाके उडवतो. आणि राखणीला आणलेला हा बहाद्दर पहिल्याच आवाजाला माझ्या दोन पायांत शिरायचा. लोक हसायचे. मीही हसायचो, पण ते थरथरणारं डोकं गुडघ्याला टेकलं की मला बरं वाटायचं. माझ्याकडे आधाराला येणारं दुसरं होतं कोण?

दोन हजार सालच्या पुढेमागे शेजारचे काका पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त होऊन गावी आले. सबंध नोकरी कुत्री शिकवण्यात गेलेली. मीच हौसेने म्हटलं, "काका, ह्याला जरा धीट करा."

मला वाटलं, पट्टा ओढतील, दरडावतील. काका रोज सकाळी यायचे आणि त्याच्याकडे चक्क पाठ करून कातळावर बसायचे. मागे धरलेल्या हातात सुक्या बोंबलाचा तुकडा. मी "जा, जा" करायला लागलो की म्हणत, "ढकलू नको रे त्याला. त्याचा तो येऊ दे."

चौथ्या दिवशी तो आपण होऊन गेला. मग काकूंनी पार बागेच्या दगडी गडग्यापलीकडून डबा वाजवायचा, अगदी हळू, आणि इकडे बोंबील. रोज दोन पावलं जवळ. तो बिचकला की काकू मुकाट्याने चार पावलं मागे. "हरलेला घरी न्यायचा नाही," काका सांगत. तो पुरता धीट होईपर्यंत बागेत फटाका लावायचा नाही, असंही त्यांनी मला बजावलं होतं.

महिन्याभरात डबा वाजला की हा शेपटी वर करून उभा राहायला लागला. वानरांवर पहिल्यांदा धावून गेला तेव्हा वाडीने काकांचं कोण कौतुक केलं! माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं. भाकरी माझी खायची आणि पहाटेपासून फाटकाशी वाट काकांची बघायची. पायांत शिरणं तर बंदच झालं होतं.

एका सकाळी काका त्याच्याशेजारी बसलेले असताना मी कलमाआड गेलो आणि सुतळीबॉम्ब पेटवला.

तो केकाटत आला तो थेट माझ्या पायांत. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. "काही नाही रे राजा," म्हणत मी त्याचं तोंड ओंजळीत धरलं. त्याने माझी बोटं हुंगली. फटाक्याच्या दारूचा वास अजून गेला नव्हता. तो अंग चोरून मागे मागे सरकला आणि काकांच्या पाठीला जाऊन चिकटला.

काकांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. बोंबलाचा तुकडा मागे धरत म्हणाले, "उद्यापासून परत पहिल्यापासून. तू मात्र बागेत येऊ नको."

बाग माझी होती. मी "बरं" म्हटलं.