पाण्यासकट भाडं

शहापूरला आमची बदली झाली तेव्हा लढाई सुरू होऊन वर्षदीड वर्ष झालं होतं. हे पोस्टात कारकून. जागा मिळाली ती बाजारपेठ संपते तिथे. कौलारू घर, मधे एक भिंत घालून दोन बिऱ्हाडं केलेली. घरमालक मुरबाडचे. भाताचा मोठा व्यापार, बोलणं गोड. जागा दाखवायला ते स्वतः आले होते. त्याच दिवशी शेजारचं बिऱ्हाड बघायला दवाखान्यातल्या सुईणबाई आल्या. चाळिशीच्या विधवा, पांढरं लुगडं, हातात कातडी पेटी. आमच्याच ओटीवर सगळे बसले. चहा करायला घेतला तर साखर पुरेना, म्हणून ह्यांना खूण करायला मी आतल्या दारात आले. त्या वेळी घरमालक म्हणत होते, "भाडं पाण्यासकट हो. विहीर शेजारच्या वाडीत आहे, पण त्याचं मी बघतो. तुम्हाला टाकी भरलेली मिळेल."

लिहून कुणी घेतलं नाही. तेव्हा कोण घेत होतं?

टाकी मागच्या अंगणात होती, दगडी, छातीइतकी. वाडीवाल्या म्हाताऱ्याची मोट सकाळी चालू झाली की भाजीचे वाफे भिजवून पाटाचं पाणी कुंपणाखालून आमच्याकडे यायचं. त्या पाटाच्या कडेला बसून मी धुणं धुवायची. मोटेच्या चाकाचा करकर आवाज आला की पोर जागं व्हायचं. दोन वर्षं अशी गेली.

मग एका चैत्रात पाट कोरडा राहिला. पहिल्या दिवशी वाटलं, बैल आजारी असेल. तिसऱ्या दिवशी सुईणबाई आणि मी वाडीत गेलो. म्हातारा वांग्यांत खुरपत होता. उठला नाही.

"बाय, तुमचा काय दोष नाय," तो म्हणाला. "पन तुमच्या मालकानं दोन वरसं झाली मला काय दिलं नाय. मुरबाडला दोनदा जाऊन आलो. ओटीवर पन बसवलं नाय मला. आमी कवर भरू फुकट?"

"पण आम्ही तर भाडं देतो ना बाबा, दर महिन्याला," मी म्हटलं.

"मंग त्याला विचारा. बैलाला पेंड लागते गो."

सुईणबाईंनी तिथेच मान डोलावली. परतताना मला म्हणाल्या, "त्याचं बरोबर आहे."

घरमालकांना त्यांनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं. तिसरं रजिस्टर करून पाठवलं आणि त्याची पोचपावती मालकांच्या सहीनं परत आली. ती पोस्टात ह्यांच्याच हातून सुईणबाईंना मिळाली. हेही एकदा मुरबाडला जाऊन भेटून आले. चहा मिळाला, "बघतो" असं उत्तर मिळालं. घरी येऊन म्हणाले, "माणूस मोठा आहे. फार ताणू नये."

आम्ही नदीवर जाऊ लागलो. वैशाखात नदी म्हणजे दगडांमधली डबकी. वाळूत हातभर खड्डा करायचा, झिरपलेलं पाणी वाटीनं हंड्यात भरायचं, फडक्यानं गाळायचं. तानशाच्या तलावाचं पाणी मोठमोठ्या नळांतून मुंबईला जायचं, ते नळ टाकायच्या कामावर ह्या बाजूची कितीतरी माणसं राबून आली होती. आणि आम्ही वाट्या घेऊन बसलेलो. मी दोन खेपा करायची. सुईणबाईंना चार लागायच्या. बाळंतपणाहून आल्या की हात, लुगडं, पेटीतली हत्यारं, सगळं उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय त्या दुसऱ्या घरी जात नसत. ह्यात त्यांनी कधी तडजोड केली नाही.

पाऊस सुरू झाल्यावर नदीचा उतार शेवाळानं गुळगुळीत झाला. आषाढातल्या एका सकाळी त्या भरला हंडा घेऊन चढताना पडल्या. मी मागेच होते. हंडा गडगडत खाली गेला आणि त्या उजवा हात पोटाशी धरून बसून राहिल्या. चेहरा पार पांढरा पडला होता. "मनगट गेलं," एवढंच म्हणाल्या, जणू दुसऱ्या कुणाचं बघून सांगत होत्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फळ्या बांधल्या. महिनाभर मी त्यांची वेणी घालत होते, भाकरी करून देत होते. हात गळ्यात बांधलेला असताना, एक तारखेला, त्यांनी काय ठरवलं ते मला सांगितलं. वाडीवाल्याला त्या स्वतः महिन्याचे पैसे देणार, अंगठा घेऊन पावती करणार आणि तेवढे वजा करून उरलेलं भाडं मालकांना मनीऑर्डरनं पाठवणार.

"पण हे चालतं का?" मी विचारलं.

"पाण्याचे पैसे मी एकदा भाड्यात देतेच आहे. दोनदा का देऊ?"

दुसऱ्या दिवशी चाक करकरलं. पाटाला पाणी आलं. टाकी दोघींची होती, मधे भिंत नव्हती. त्यांनी मला कधी म्हटलं नाही की पाणी माझं आहे. आम्ही मात्र घरमालकांना पूर्ण भाडं देत राहिलो आणि पाणी सुईणबाईंच्या पैशाचं वापरत राहिलो. मी ह्यांना म्हटलं, निम्मे आपण द्यायला हवेत. हे म्हणाले, "दिले की आपणही त्यात आलो." त्या पाण्यानं भांडी घासताना, पोराला न्हाऊ घालताना मला लाज वाटायची, पण पाणी मी घेत होतेच.

मनीऑर्डर मुरबाडहून नाकारून परत आली. पुढच्या महिन्याचीही. मग नोटीस आली आणि त्यामागून दावा: भाडं थकवलं, जागा खाली करून द्यावी.

कोर्ट मुरबाडला. सुईणबाईंनी तिथलाच एक तरुण वकील धरला. तो म्हणाला, लढाईमुळे सरकारनं भाडेकरूंसाठी कायदा केला आहे, भाडं द्यायला तयार असलेल्याला असं उठवता येत नाही. पण तुम्ही कमी भाडं पाठवलंत. पाणी भाड्यातच होतं हे दाखवायला साक्षीदार लागेल. पावत्या पुरणार नाहीत.

त्या संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या. हे खुर्चीवर होते. सुईणबाईंनी सरळ विचारलं, कोर्टात साक्ष द्याल का.

ह्यांनी पायातल्या वहाणेकडे बघितलं. मग म्हणाले, "बाई, मला नीटसं आठवत नाही."

सुईणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही?"

"मी आत होते. चहा करत होते," मी म्हटलं.

त्या "बरं" म्हणून गेल्या. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. सुईणबाईंच्या हातावरच्या फळ्या निघाल्या होत्या, पण मनगट वाकडं बसलं होतं. अंगणात त्या डाव्या हातानं लुगडं पिळायला बघायच्या आणि पीळ सुटून जायचा. नवव्या दिवशी मी टाकीपाशी जाऊन त्यांना म्हटलं, "तारीख कधी आहे?"

ह्यांना मी तारखेच्या आदल्या दिवशी सांगितलं. ते म्हणाले, "माझी नोकरी आहे." मी म्हटलं, "साक्ष माझी आहे." एवढं उलटून मी त्यांना आधी कधी बोलले नव्हते.

लढाईत पेट्रोल मिळत नसल्यानं सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. सरळगावच्या अलीकडे चढ आला की माणसं उतरून चालायची. पोराला काखेत घेऊन मीही चालले. कोर्टात पदर सावरून उभी राहिले. मालकांचे वकील म्हणाले, "तुम्ही स्वयंपाकघरात, बोलणं ओटीवर. तुम्हाला ऐकू कसं आलं?"

मी साखरेचं सांगितलं. लोक हसले. मालक समोरच बसले होते, त्यांनी नजर वळवली. "पाण्यासकट, असा शब्द त्यांनी वापरला," मी म्हटलं. "माझ्या यजमानांच्या देखत."

ते शेवटचं बोलायची गरज नव्हती. पण बोलून गेले.

निकाल सुईणबाईंच्या बाजूनं लागला. पाणी भाड्यात धरलं होतं, वाडीवाल्याला दिलेलं भाड्यातच जमा धरावं, जागा सोडायला नको, पुढे पाण्याचं मालकानं बघावं. वकिलानं पेढे वाटले. सुईणबाईंनी पेढा हातात धरून ठेवला.

कारण नोकरी संपल्याचं दवाखान्यानं त्यांना आधीच कळवलं होतं. वाकड्या मनगटानं मूल धरता येत नाही. पौषात त्यांनी जागा सोडली, कोर्टानं सोडायला नको म्हटलेली. मुरबाडच्या पलीकडे डोंगराखाली भावाचं घर होतं, तिथे गेल्या. निघताना पेटी मोटारीवर मी चढवून दिली. म्हणाल्या, "तुम्ही आलात हे विसरणार नाही." मी आठ दिवस उशिरा आले होते, हे त्यांनी मनात धरलं की नाही, मला कळलं नाही. पुढे पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही.

घरी ह्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. बोलणं कामापुरतं, ते कितीतरी महिने.

माघात मालकांचा गुमास्ता आला. शेजारी नवं बिऱ्हाड येणार होतं, जंगलखात्यातल्या कारकुनाचं. गुमास्त्यानं आमच्यासाठीही एक कागद आणला होता, टाइप केलेला. भाडं तेच. खाली एक ओळ जास्त होती: पाण्याची तजवीज भाडेकरूनं आपली आपण करावी.

"कोर्टात काय ठरलं ते तुम्हाला ठाऊक आहे," मी आतून म्हटलं.

"ते त्या बाईंपुरतं होतं, वहिनी," गुमास्ता अदबीनं म्हणाला.

ह्यांनी कागद दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढलं आणि सही केली.