कोनाड्यातला अमेरिकन पेला

आम्ही चांदा जिल्ह्यातल्या सावली गावात होतो तेव्हाची गोष्ट. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. जवळच्या मिशन दवाखान्यातली अमेरिकन नर्स कायमची मायदेशी निघाली. माझी दोन्ही बाळंतपणं तिच्याच हातची. जाताना तिनं मला आपल्या आजीचा काचेचा पेला दिला. उंच पायाचा, चांगला जड, अंगभर हिऱ्यासारख्या चौकटी. ही नक्षी कोरलेली नाही, वितळलेली काच साच्यात दाबून उठवलीय, म्हणून आपल्या आजीसारख्या शेतकऱ्यांनाही परवडायची, असं तिनं सांगितलं. साच्याची शिवण बोटाला लागायची.

एवढ्या मायेनं दिलेली वस्तू, पण मिशनातली, कुणाकुणाच्या तोंडची. स्वयंपाकघरात न्यायला माझं मन धजेना. सासूबाईंवर ढकलता आलं असतं, पण त्या तेव्हा चांद्याला होत्या. मीच तो ओसरीच्या कोनाड्यात ठेवला.

सुपं-टोपल्या विकायला एक बाई यायची. तिला घरच्या भांड्यात पाणी द्यायचं नाही, वरून ओंजळीत ओतायचं, अशी गावाची रीत. मी तिला त्या पेल्यात देऊ लागले. आयतीच सोय झाली.

ती मात्र हरखली. "सारे ओंजळीत ओततेत, बाई. तुमीच मले येवढ्या भारी गिलासात देता." मी नुसतं हसले. खरं सांगायचं सोडून वर भाव खाल्ला! पिऊन झालं की ती पेला स्वतः धुऊन कोनाड्यात पालथा घालायची. दोन वर्षं हे चाललं, आणि दर खेपेला मला आतून खात राहिलं.

मग ह्यांची बदली झाली. टोचणी तरी जाईल म्हणून पेला तिला द्यायला मी तिच्या घरी गेले. तिचा चेहरा फुलला. तिनं लगेच पेला विसळला, मडक्यातलं पाणी भरलं आणि माझ्यापुढे धरला. "पयले तुमी प्या."

त्या पेल्याला मी एकदाही तोंड लावलं नव्हतं. माझा हात मध्येच थांबला. क्षणभरच, पण तिनं पाहिलं. तिनं पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तो कोनाड्यात का असायचा, ते तिला तेव्हा कळलं.

"राहू द्या, बाई," ती हळूच म्हणाली. "ओंजळ करा. वरून ओततो मी."

पेला हिसकावून घेऊन तोंडाला लावायला हवा होता. मी ओंजळ पुढे केली.