पूल न चढणारी गाडी

एसटीची पहिली पायरी माझ्या गुडघ्याच्या वर येते. वरून कंडक्टरनं ओढायचं, खालून कोणीतरी ढकलायचं, तेव्हा मी आत. म्हणून आमची गाडी गेली असती तर माझं घराबाहेर पडणंच संपलं असतं. सिंदीचा बाजार नाही, सावंगीच्या दवाखान्यात गुडघे दाखवणं नाही, पुलगावला बहिणीकडे जाऊन भांडणं नाही. हे आधी सांगते, नाहीतर वाटेल म्हातारीचा त्या डब्यात जीव अडकला होता. जीव वगैरे काही नाही. दार उघडलं की बुड टेकतं, एवढ्यासाठी मला ती हवी.

गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. गेल्या हिवाळ्यात तिला एक खोड लागली. सपाट रस्त्यानं हळू चालवा, काही तक्रार नाही. पण चढावर ॲक्सिलेटर दाबला की आधी दचकायची, मग मान टाकायची. थोडं थांबलं की पुन्हा शहाणी. आमच्या म्हाताऱ्याचंही असंच आहे. काही विचारलं की गप्प. जोर करून विचारलं की आणखी गप्प. नाद सोडला की तासाभरानं आपणहून उत्तर देतो.

वर्ध्याच्या वाटेवर रेल्वेवरून जाणारा पूल आहे. त्याच्या मध्यावर गाडी हमखास बंद पडायची. मागे ट्रक, ट्रकच्या मागे ट्रॅक्टर, सगळे भोंगे वाजवणार.

"तुमचा पायच जड हाये," मी म्हणायचे.

"पाय नाई, मागच्या सीटवरचं वजन जड हाये," म्हातारा म्हणायचा.

एकदा पुलावर अडकलो असतानाच नागपूरहून मुलाचा फोन आला. भोंगे त्यानं ऐकले.

"आई, आता बस झालं. मी रविवारी येतो, भंगारवाल्याले घेऊनच येतो. गाडी एका दमात पूल चढली तर ठेवा. नाई चढली तर तो तिथूनच घेऊन जाईन."

"अन् मी कशानं जाऊ?"

"ऑटो हाये ना."

आमच्या गावाच्या ऑटोत बारा माणसं आणि एक बोकड असतो. मी फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी सिंदीचा मिस्त्री घरी बोलावला. वय झालेला माणूस, चष्मा दोरीनं बांधलेला. गाडीभोवती फिरला आणि पेट्रोलच्या टाकीच्या तोंडापाशी थांबला.

"काकू, हे काय हाये?"

"झाकण."

झाकण म्हणजे कापसाचा बोळा. खरं झाकण दिवाळीत गेलं. पेट्रोल भरल्यावर म्हाताऱ्यानं ते गाडीच्या छतावर ठेवलं आणि तसाच निघाला. मग मी घरच्या कापसाचा बोळा खुपसला. आमच्याकडे भोक दिसलं की कापूस. कानाला कापूस, तेलाच्या बाटलीला कापूस, खिडकीच्या फटीला कापूस. पेट्रोल भरताना म्हातारा जुना बोळा काढायचा, मी पिशवीतून नवा द्यायचे. मिस्त्री पोट धरून हसला आणि पुढे जाऊन बॉनेट उघडून बसला.

त्यानं प्लग घासले. पुलावर गेलो, गाडी थांबली. त्यानं कार्बोरेटर खोलला, बारीक बारीक भोकं उजेडात धरून फुंकली. पुन्हा पूल, पुन्हा थांबली. मग त्यानं कार्बोरेटरमधली पिचकारी मला दाखवली. ॲक्सिलेटर दाबला की ती आत पेट्रोल मारते. "हे नाई मारली तर गाडी दचकते, काकू. पन हे तर चांगली मारून राह्यली."

तोवर शनिवार उजाडला. "तुमच्यानं होत नसन तर सांगा," मी म्हटलं. "उद्या भंगारवाला येते. तुमची दोरी लावून त्याच्या टेम्पोले बांधून देजा."

बिचारा ओशाळला. मग त्यानं टाकीकडून येणारी नळी काढून तोंडात धरली. फुंकली तर टाकीत गुडगुड झालं. ओढली तर थोडं पेट्रोल आलं आणि त्याचे गाल आत गेले, डोळे बाहेर आले. तो थुंकला.

"काकाजी, टाकीत काहीतरी हाये. हळू ओढलं तर पेट्रोल येते. जोरानं ओढलं की ते नळीच्या तोंडाशी येऊन बसते."

टाकी उतरवली, घमेल्यात ओतली. शेवटी एक करडा, लिबलिबीत गोळा पडला, लिंबाएवढा. म्हाताऱ्यानं तो पिळला, उन्हात वाळवला, चिमूटभर तोडून दोन अंगठ्यांत धरून ताणला. विकायला न्यायच्या आधी तो कापूस असाच पाहतो.

"धागा लांब हाये," तो म्हणाला. "आपलाच हाये."

"बोळा माझा, एखादा आत घसरला असन, कबूल," मी म्हटलं. "झाकण कोनं हरवलं?"

"झाकणानं गाडी नाई थांबली."

"अन् हे मिस्त्री? पहिल्याच दिवशी बोळा पाहून हसले. तेव्हा काऊन नाई सुचलं?"

मिस्त्री चष्मा पुसत बसला. पुसून झाल्यावर म्हणाला, "माझ्यापुढं भांडू नका. टाकी बसवाले हात द्या."

रविवारी म्हातारा चालवायला, मुलगा शेजारी, मी मागे. आमच्या मागे भंगारवाल्याचा टेम्पो. पूल लागला. गाडी छान चढत होती. पण मध्यावर आलो आणि म्हाताऱ्यानं सवयीनं पाय काढला! रोज तिथं थांबायची म्हणून यानं आपणच थांबवायला घेतली. गाडी मंदावली. मुलगा मागे वळून टेम्पोकडे पाहू लागला.

"दाबा!" मी ओरडले. "गाडी सुधारली, तुम्ही कधी सुधारता?"

त्यानं दाबला. गाडी न दचकता उठली आणि आम्ही पलीकडे उतरलो.

"बाबा, काय बिघडलं होतं?" मुलानं विचारलं.

म्हाताऱ्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग मीच सांगितलं. मुलगा हसून हसून पुढच्या फळीवर डोकं टेकवून बसला. "अन् तू बाबाच्या पायाले नावं ठेवत होती!"

"त्यायचा पाय जडच हाये," मी म्हटलं.

भंगारवाला टेम्पो थांबवून उभा होता, तोंड लहान करून. मी काच खाली केली. "आले तसे रिकामे जाऊ नका. तुमच्या ढिगात अशा गाडीचं झाकण असन तर पाठवून देजा."

त्यानं पाठवलं. कुलूप असलेलं निघालं. किल्ली मी कमरेला ठेवली, कारण छतावर झाकण ठेवणाऱ्याच्या हाती मी ती देणार नाही. आता पेट्रोल भरायला गेलं की मलाच उतरावं लागतं, गुडघे धरत. मी कुलूप उघडायच्या आधी म्हातारा माझ्यासमोर येऊन उभा राहतो.

"पह्यले पिशवी दाखव. कापूस नाई ना?"

मी दाखवते.