मशीन विसरलं नव्हतं

आधी मरियमखालाचं नाव घेते. पूर्णगडच्या मोहल्ल्यात मला एकही दार उघडत नव्हतं, तेव्हा तिनं ती दारं उघडून दिली. बाकीचं मग. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईला फोनवर नाही, मॅडमना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी हिंगोलीकडची. नववी अर्ध्यात सोडली. लग्न झालं आणि नवऱ्यामागे रत्नागिरीला आले. तो चिरेखाणीवर, मी खोलीत. दिवसभर लाल धूळ पुसायची आणि घर आठवायचं. अशात एक दिवस खाणीच्या वस्तीवर एक मॅडम आल्या, पुण्याच्या. माणसं कशी राहतात याचा अभ्यास करणाऱ्या. किनाऱ्यावरच्या घरांतले पुरुष बोटीवर नाहीतर आखातात, मग बायका पोरं कशी वाढवतात, हे त्यांना घरोघर विचारायचं होतं. त्यांनी मला फोनवर भराभर टाइप करताना पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्याकडे काम करशील?" बाकीच्या मुली कॉलेज झालेल्या. मला का घेतलं हे अजून कळलेलं नाही. पण घेतलं. त्या दिवसापासून एकच धास्ती — आज काढतील, उद्या काढतील.

कामाला कागद नव्हता, टॅब होता. प्रश्न दिसायचा, उत्तर दाबायचं, पुढचा प्रश्न यायचा. मी कुठल्या घरापुढे उभी आहे, फॉर्मला किती मिनिटं लागली, सगळं आपलं आपण पुण्याला मॅडमच्या कम्प्युटरवर जायचं. आईचं वय पोरापेक्षा कमी पडलं तर चौकट लाल व्हायची. मला वाटायचं, एवढं हुशार मशीन, याला फसवणार कोण?

पहिले दोन दिवस मोहल्ल्यात पडद्याआडून बायकाच सांगायच्या, "घरात कोणी नाय." तिसऱ्या दिवशी खाला भेटली. ओट्यावर बांगडे साफ करत बसली होती.

"काय गो, मीटर बघायला आलीस काय?"

मी काय ते सांगितलं.

"म्हणजे चौकशा करतेस. मग त्या उन्हात उभी राहून कशा होतील? थांब, हात धुतंय."

आणि ओढणी घेऊन निघाली माझ्यासोबत. घरोघर. "घाटावरची हाय, पण आपलीच पोर," असं सांगायची. दुपारी मला जेवायला बसवायची. मी मासे खाताना काट्यांना घाबरायची, तर म्हणायची, "हिला कम्प्युटर येतो, काटा काढता येत नाय." घर सोडल्यापासून कुणी मला ताट वाढून दिलं नव्हतं. हे लिहायलाच पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला नीट कळणार नाही.

फॉर्मच्या मध्यावर एक प्रश्न होता. झालेलं आणि नंतर गेलेलं मूल आहे का? 'नाही' दाबलं की पुढे छप्पर, पंखे, नळ. 'हो' दाबलं की एकेका मुलामागे नवं पान उघडायचं — नाव काय, किती दिवसांचं, काय झालं, कुठे नेलं, कुणी नेलं, उशीर का झाला. एक पान संपलं की दुसरं मूल. बाई बोलता बोलता थांबायची. मग मीही थांबायची. एका घरात असे दोन तास गेले. एसटी जेमतेम मिळाली. त्या दिवशी फॉर्म दोनच झाले. संध्याकाळी मॅडमचा मेसेज आला, बाकीच्यांचे सहा झालेत, तुला काही अडचण आहे का? रागावल्या नव्हत्या. नुसतं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी — कसं लिहू? — मी 'नाही' दाबायला लागले. बाईनं तोंड उघडायच्या आत. मला हे कुणी शिकवलं नाही. माझं मीच शोधून काढलं. आणि 'नाही' कधी लाल होत नाही.

किती घरांत दाबलं? मोजलं नाही. मोजता आलं असतं.

खालाचं घर शेवटी आलं. तिनंच तसं ठेवलं होतं — आधी बाकीच्यांचं होऊ दे म्हणाली. त्या दिवशी भांडी बाजूला सारून, ओढणी नीट करून बसली माझ्यासमोर. मी तो प्रश्न वाचला. तिनं श्वास घेतला. तेवढ्यात माझ्या बोटानं 'नाही' दाबलं होतं. सवयीनं म्हणू? सवय चार-पाच दिवसांचीच होती.

ती म्हणाली, "तीन गेली माझी. लिव. तुला लिवायला जमेल अशी सावकाश सांगतंय."

समोर छपराचा प्रश्न उघडला होता. कौलं, पत्रा की स्लॅब? मागे जायचं बटण होतं तिथंच, डाव्या कोपऱ्यात. एकदा दाबायचं होतं. साडेचार झाले होते आणि एसटी पाचची. मी टॅब माझ्याकडे जरा कलता धरला आणि कोऱ्या जागेवर बोट हलवत राहिले. लिहिल्यासारखं. इस्माईल, सात दिवसांचा, अकीक्याच्या, जावळ काढून नाव ठेवायच्या दिवशीच गेलेला. जुबेदा, अडीच वर्षांची, तापात, होडीतून खाडीपलीकडे दवाखान्यात नेताना. मग तिसरं. मध्येच ती थांबून विचारायची, "झालं लिवून?" मी म्हणायची, "हो, झालं." ती पुढे सांगायची. माझ्यासाठी सावकाश.

निघताना म्हणाली, इतक्या वर्षांत कुणी नावं विचारली नव्हती.

काही महिन्यांनी मॅडम गावात आल्या. गोळा केलेलं लोकांना परत दाखवायचं, अशी त्यांची पद्धत. चांगली पद्धत आहे, खोटं नाही. शाळेत भिंतीवर पडदा लावला. मोहल्ल्याचा नकाशा, एकेक घर एकेक ठिपका, आणि जवळजवळ सगळे हिरवे. मॅडम आनंदात होत्या. म्हणाल्या, "इथे मुलं गेल्याची नोंद फार कमी आहे. आसपासच्या गावांत असं नाही. तुम्ही वेगळं काय करता, ते मला तुमच्याकडून समजून घ्यायचंय."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मासे खातो म्हणून असेल." हसू उठलं. मॅडमनी ते लिहून घेतलं.

खाला पहिल्या रांगेत होती. पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तेव्हा उठता आलं असतं मला. मॅडम दोन हातांवर होत्या. मी प्रोजेक्टरची वायर गुंडाळत बसले, सभा संपलेली नसताना.

बाहेर अंगणात ती हळूच जवळ आली. "माझी पोरां तुझ्या मशीनात गावली नाय गो?"

मी म्हणाले, "मशीन विसरलं, खाला. कधी कधी होतं तसं."

तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे. मशीनच ता. त्याला कुठं पोरां हायत." आणि पिशवीतून भाजलेल्या सोड्यांची, सुक्या कोळंबीची पुडी काढून माझ्या हातात दिली, वाटेत भूक लागेल म्हणून.

मी ती घेतली.

तिला कळलं होतं का? कळलं असेल तर तो हात कशासाठी? आणि नसेल कळलं — तर ते जास्त वाईट की कमी? यावर मी पुष्कळ विचार केला आहे. हाती काही लागलेलं नाही.

माझे फॉर्म सगळ्यांत स्वच्छ होते, म्हणून मॅडमनी मला कायमचं ठेवून घेतलं. आता मी रत्नागिरीत ऑफिसात बसते, पंख्याखाली, स्वतःच्या कम्प्युटरपुढे. इतरांचे फॉर्म तपासते. गेल्या वर्षी संगमेश्वरकडच्या एका मुलीच्या फॉर्मांत त्या प्रश्नाला ओळीनं 'नाही' दिसले. मॅडमना दिसले नाहीत, मला दिसले. मला दिसणारच. तिला बोलावलं, समोर बसवलं, विचारलं. ती रडली. एसटीचं काहीतरी सांगत होती. मी म्हणाले, "कारणं सांगू नकोस." तिचं काम गेलं. मॅडम मला म्हणाल्या, "तुझी नजर चांगली आहे."

खालाचा फॉर्म अजून आहे. मला तो उघडता येतो, बदलता येत नाही. कौलं. दोन पंखे. नळ नाही. गेलेलं मूल — नाही.

इस्माईल आणि जुबेदा, ही दोन नावं मला पाठ आहेत. तिसरं नाव माहीत नाही. ती सांगत होती तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते. मुलगा होता की मुलगी, तेही सांगता येणार नाही मला.

पूर्णगड इथून लांब नाही. मी अजून गेलेले नाही. एक दिवस जाईन. टॅब नेणार नाही, वही नेईन. आधी सांगेन की मशीन विसरलं नव्हतं. त्यानंतरही तिनं मला ओट्यावर बसू दिलं, तर तिसरं नाव विचारेन, आणि वही तिच्याकडे वळवून, तिला दिसेल असं लिहीन.