आयोवातल्या कॅम्पग्राउंडवर आई जे बोलल्या

१९८६ चा ऑगस्ट. यलोस्टोन बघून आम्ही भाड्याच्या आरव्हीतून नोव्हायला, आमच्या घरी, परत चाललो होतो... माझा नवरा सुधीर, मी, सात वर्षांची मीनल आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई.

दिवसभर ड्राइव्ह करायचं आणि उजेड आहे तोवर एखादं कॅम्पग्राउंड गाठायचं. मग सुधीर बाहेर पाण्याचा पाईप आणि विजेची वायर जोडणार, मी आत कुकर लावणार. आईंना हे चाकांवरचं बिऱ्हाड फार आवडलं होतं. उतरल्या उतरल्या त्या पायरीपुढची जागा झाडून काढायच्या. सकाळी तर निघायचंय, असं म्हटलं तरी ऐकायच्या नाहीत.

अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सुधीर एकुलता एक. त्याने सांगलीच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवली आणि आईंना इकडे घेऊन आला. ग्रीन कार्डचे कागदही भरले.

हे सगळं आईंच्या काळजीपोटीच होतं... पण खरं सांगायचं तर थोडं माझ्या सोयीचंही होतं. मी नुकतीच लॅबमध्ये फुल टाइम लागले होते, आणि मीनल शाळेतून आली की घरात आजी असायची. आईंना मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. विचारायचं काय त्यात, असंच आम्हाला वाटत होतं.

त्या दिवशी आम्ही आयोवात नदीकाठच्या एका कॅम्पग्राउंडवर थांबलो. शेजारच्या ट्रेलरमध्ये डोरोथी नावाची सत्तरीची बाई होती, नवऱ्याबरोबर फिरायला निघालेली. तिने पिशवीभर मक्याची कणसं आणली आणि आमच्या बाकावर बसून सोलायला लागली. आईही तिच्यासमोर बसल्या आणि सोलू लागल्या.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मीनल मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. मी आत पिठलं ढवळत होते. खिडकी उघडी होती, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मुलं किती, नवरा काय करायचा, असं चाललं होतं. मग डोरोथीने विचारलं, तुमचं घर कुठे? आई म्हणाल्या, सांगली. नोव्हाय नाही म्हणाल्या... माझा हात जरासा थांबला.

परत कधी जाणार, असं डोरोथीने विचारल्यावर मीनलने आजीला न विचारताच उत्तर देऊन टाकलं. "She's not going back. She lives with us now." आणि मग शहाण्यासारखं आजीलाही मराठीत सांगितलं, "आजी, मी सांगितलं की तू आता परत जाणार नाहीस."

मग आईंचा शांत आवाज आला.

"असं नको सांगूस, बाळ. तिला सांग, मला जायचंय."

मीनलने ते सांगितलं. डोरोथीने आईंच्या हातावर हात ठेवला, एवढं मला खिडकीतून दिसलं.

मला आधी राग आला. आपण इतकं करतोय आणि आई या परक्या बाईला सांगतात, आपल्याला नाही... मग लक्षात आलं की त्या परक्या बाईने निदान विचारलं तरी होतं.

जेवणं झाल्यावर मीनल डोरोथीकडे पत्ते खेळायला गेली, तेव्हा मी सुधीरला आईंसमोरच सगळं सांगितलं. तो गडबडला. इथे काही कमी पडतंय का, तू तिथे एकटी कशी राहशील, असं विचारत राहिला. आईंनी त्याला बोलू दिलं.

"कमी काही नाही रे," त्या म्हणाल्या. "पण इथे मी दिवसभर तुमची वाट बघते. तिथे माझा दिवस माझा असतो."

दुसऱ्या दिवशी सुधीरने गाडी चालवत इलिनॉय ओलांडलं. आई पुढच्या सीटवर त्याच्याशेजारी बसल्या होत्या. शेवटचा मुक्काम इंडियानात झाला. तिथे पाण्याचा पाईप जोडून तो आत आला आणि त्याने आईंना विचारलं, दिवाळीच्या आधीचं तिकीट काढू का? आईंनी होकारार्थी मान हलवली आणि मग पदराने डोळे टिपले.

आई गेल्यावर माझी बरीच धावपळ झाली. लॅबचे तास कमी करावे लागले, मीनल दुपारी शेजारी राहू लागली. ती किती दिवस सगळ्यांना सांगत होती की आजी तिच्यामुळे गेली... तिची समजूत घालताना माझीही पुरेवाट व्हायची.

आई पुढे चौदा वर्षं सांगलीत राहिल्या. अधूनमधून उन्हाळ्यात यायच्या, कधी येणार आणि कधी जाणार ते स्वतः ठरवून. शेवटच्या आजारपणात आम्ही दोघंही तिथे पोचलो होतो.

नोव्हायच्या घरात आम्हा प्रत्येकाला वेगळी खोली होती आणि वर्षभरात मला आईंच्या मनातलं काही ऐकू आलं नव्हतं; ते आलं आरव्हीच्या उघड्या खिडकीतून. डोरोथीचं आडनावसुद्धा मी विचारलं नाही. तिने सहज विचारलेल्या त्या प्रश्नाबद्दल तिचे आभार मानायचे मात्र राहून गेले... म्हणून आज हे लिहिलं.