पुंजाच्या वहीतल्या म्हशी

पेठ रस्त्यावर कुणी उभं दिसलं आणि पुंजाने गाडी थांबवली नाही, असं आजवर घडलं नव्हतं. पण ही गाडी कंपनीची, चाचणीची, पुढे परदेशी जायची. परक्या माणसाला बसवलं तर नोकरी जाईल, असं लिहून पुंजाची सही घेतलेली. सही त्याने केली. सीट रिकाम्या होत्या, त्याला तो काय करणार?

हे २००९ सालचं. गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा फिल्टर होता. तो भरत आला की कॉम्प्युटर इंजिनात थोडं डिझेल मुद्दाम उशिरा फवारायचा. धूर तापायचा, काजळी जळायची. त्याला वीस मिनिटं सलग धाव लागे. मध्येच थांबलं की सगळं पहिल्यापासून, आणि उशिराचं डिझेल झिरपून खाली ऑइलमध्ये. पुंजा रोज सकाळी ऑइलची पट्टी बघायचा. उभ्या आयुष्यात त्याने ऑइल कमी होताना पाहिलं होतं. हे चढत होतं. गाडी गाभण असल्यासारखं.

थांबण्याचं कारण वहीत लिहावं लागे. पुंजा लिहायचा, 'म्हशी आडव्या.' एका दिवसात अकरा वेळा.

"प्रतिभा मॅडम, तुमचा प्रोग्रॅम ऑइलची वाट लावतोय," चाचणी विभागाचे बोरस्तेसाहेब म्हणाले. "म्हशींची सबब नको. शुक्रवारी तो बंद."

काजळी जाळायच्या त्या प्रोग्रॅममध्ये प्रतिभाची दोन वर्षं गेली होती. ती सरळ पुंजाकडे आली. "भाऊ, उद्या मी येते. म्हशी मोजायला."

पुंजाने तंबाखू गिळली.

दुसऱ्या दिवशी सावळ घाट ओलांडल्यावर तिच्या लॅपटॉपवर धुराचा आकडा सहाशे अंशांवर गेला. "पेटलं. आता वीस मिनिटं थांबू नका." रस्त्यावर म्हशीचं शेपूटही नव्हतं. करंजाळीच्या फाट्यावर मात्र डोक्यावर नागलीचं गाठोडं घेऊन भागीबाई उभी. तिने हातही केला नाही. पुंजाची गाडी थांबतेच, हात कशाला दुखवायचा?

तसंच पुढे गेलं तर नोकरी शाबूत. पण मग थांबण्याचं खरं कारण कळणार नाही आणि खोटी पडणार ती मॅडम.

पुंजाने ब्रेक दाबला. "मॅडम, ही आपली म्हैस."

"म्हैस कुणाला म्हनतो रं, मेल्या?"

"तुला नाय मावशी, वहीत तसं लिवलंय."

"मंग वहीला लाव आग!"

प्रतिभा खाली येणारा आकडा बघत होती. सहाशे, पाचशे, चारशे. मग तिने हात मागे नेऊन मागचं दार उघडलं. "बसा मावशी." आणि पुंजाला म्हणाली, "माणसं थांबणारच. तेच मी गृहीत धरलं नव्हतं. पण रिपोर्टात खरं लिहावं लागेल, भाऊ."

"लिहा," पुंजा म्हणाला. "माझं मी बघतो."

तिने प्रोग्रॅम बदलला: गाडी मंदावली की उशिराचं डिझेल लगेच बंद; पुन्हा तापली की राहिलेली काजळी तिथूनच पुढे. तीन दिवस पुंजा मन मानेल तिथे थांबला. ऑइल होतं त्या रेघेवर राहिलं.

शुक्रवारी बोरस्तेसाहेबांनी एकाच कागदावर प्रोग्रॅम मंजूर केला आणि पुंजाला चाचणीच्या गाडीवरून उतरवलं. नोकरी वाचली; त्याला कामगारांच्या बसवर टाकलं. ठरलेले थांबे सोडून कुठेही थांबायचं नाही, अशी नवी सही.

महिनाभराने त्र्यंबक रोडवर, बंद पडलेल्या मोटारीशेजारी बोरस्तेसाहेब घामाघूम होऊन हात करत होते. तिथे थांबा नव्हता.

पुंजाने बस थांबवली, दार उघडलं आणि वही पुढे केली.

"साहेब, कारण काय लिहू?"